पंचरंगी सामने आणि धर्माचा संघ

धर्माधर्मांत संघ पाडून खेळल्याने त्यांच्यातील वैर निवते की पोसले जाते, या प्रश्नाची भारतातील सर्वांत प्रदीर्घ कसोटी मुंबईच्या क्रिकेट मैदानांवर लागली. १८९२ मध्ये युरोपियन आणि पारशी यांच्यात दरवर्षी सामने होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदूंचा संघ आला आणि सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर ते चौरंगी झाले, आणि १९३७ मध्ये ‘इतर’ या नावाचा पाचवा संघ धरून पंचरंगी. १९४५-४६ चा हंगाम शेवटचा ठरला. या पन्नासहून अधिक वर्षांत या स्पर्धेने देशातील सर्वांत मोठी गर्दी मैदानावर आणली आणि सर्वांत कडवा वादही ओढवून घेतला. एका पक्षाला तिच्यात परस्परांचा आदर शिकवणारी शाळा दिसे, तर दुसऱ्याला फुटीची रंगीत तालीम. दोन्ही पक्षांकडे पुरावा होता. म्हणूनच या वादाचा निवाडा करण्याआधी स्पर्धेची घडण पाहावी लागते.

धर्मवार संघ केवळ सरकारी हुकमाने जन्मले नाहीत. पारशी तरुणांनी १८४८ मध्येच ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला होता. हिंदूंचे क्लब १८६० च्या दशकात निघू लागले, आणि तेही बहुधा जातीचे किंवा भाषेचे होते: प्रभूंचे, गौड सारस्वतांचे, गुजरात्यांचे, मराठ्यांचे. याचे कारण क्लबच्या स्वरूपातच होते. क्लब म्हणजे केवळ बॅट, चेंडू आणि खेळपट्टी नव्हे. तिथे पाणी प्यायचे, चहा घ्यायचा, कपडे बदलायचे, सामना संपल्यावर एकत्र जेवायचे. ज्या समाजात कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या पंगतीला बसता येते यावरून माणसाची जागा ठरत होती, तिथे क्लबची वेस रोटीव्यवहाराच्या वेशीशी जुळणे स्वाभाविक होते.

या सवयीला सरकारने जमिनीचा आधार दिला. एस्प्लनेड मैदानावर युरोपियन लोक पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी देशी खेळाडूंची खेळपट्टी उखडली जाई. त्याविरुद्ध देशी क्रिकेटपटूंनी अर्ज-विनंत्या केल्या आणि तो झगडा बरीच वर्षे चालला. पुढे समुद्रकाठी, आजच्या मरीन ड्राइव्हच्या पट्ट्यात, पारशी, हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांना वेगवेगळे भूखंड मिळाले. मागणी खेळायला जागा मिळावी अशी होती. जागा मिळाली ती धर्माच्या खात्यावर. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, तेव्हा राजकारणातही हेच तत्त्व आले. माणूस आधी जमातीचा आणि मग नागरिक, अशी ही मांडणी होती. मतदार आणि खेळाडू, दोघांचीही वाटणी जन्मावरून होऊ लागली.

इथे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. हिंदू संघ हिंदू कशाने होता? निवड समितीने कोणाला ईश्वरावर श्रद्धा आहे का, संध्या करता का, मूर्ती मानता का, असे विचारले नाही. सनातनी, सुधारक आणि नास्तिक हे तिघेही त्या संघात बसू शकत होते. मुसलमान संघात शिया आणि सुन्नी असा भेद निवडीला लागत नव्हता. ‘इतर’ हा संघ तर श्रद्धेशी संबंध नसलेलाच होता. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि बाकीच्या चौकटींत न बसणारे सगळे त्यात घातले गेले होते. म्हणजे या स्पर्धेतला धर्म हा उपासनेचा किंवा आचाराचा धर्म नव्हता, तो शिरगणतीच्या रकान्यातला धर्म होता. श्रद्धेला धावफलकावर विजय मिळत नाही आणि पराभवही होत नाही. जिंकतो-हरतो तो गट, आणि धर्माचे नाव लागल्याने गटाच्या अहंकाराला पावित्र्याचे कवच मिळते. धर्मवार खेळाचा नैतिक धोका इथून सुरू होतो.

तरीही स्पर्धेच्या समर्थकांची बाजू पोकळ नव्हती. मैदानावर नियम सर्वांना सारखे होते आणि पंचाचा निर्णय सर्वांना बांधील होता. पारशांनी १८९० मध्ये इंग्लंडहून आलेल्या व्हर्नन यांच्या संघाला हरवले आणि १९०६ मध्ये हिंदूंनी मुंबईच्या युरोपियनांना हरवले, तेव्हा राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच नियमांनी नमवता येते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. हिंदू आणि मुसलमान यांच्यातही कोणा एकाची मक्तेदारी नव्हती. १९३४ ते १९४५ या काळात झालेल्या अकरा स्पर्धांपैकी सहा मुसलमानांनी आणि पाच हिंदूंनी जिंकल्या. शहरात १९२९ आणि १९३६ मध्ये दंगे झाले, पण त्यांमुळे स्पर्धा बंद पडली नाही. प्रतिस्पर्ध्याच्या उत्तम फटक्याला टाळी वाजवणे आणि पराभव शांतपणे पचवणे हे नागरिकत्वाचेच शिक्षण आहे, असे समर्थक म्हणत. हा युक्तिवाद खरा आहे, पण अपुरा आहे. प्रतिस्पर्ध्याचा आदर करताना तो आपला नाही हे गृहीतच धरलेले असते. सामना कितीही खिलाडूपणे झाला, तरी संध्याकाळी घरी जाणारा प्रेक्षक आपण कोणत्या गटाचे आहोत हे अधिक घट्ट करून जातो.

१९३० च्या दशकात विरोध वाढत गेला. सविनय कायदेभंगाच्या काळात काही वर्षे सामने झाले नाहीत. १९३४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि त्याच सुमारास प्रांतवार संघांची रणजी स्पर्धाही सुरू झाली. त्यामुळे संघ बांधण्याची दोन तत्त्वे समोरासमोर उभी राहिली. सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांच्या संपादकत्वाखालील ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने धर्मवार क्रिकेटविरुद्ध बाजू लावून धरली, आणि रेडिओवरील समालोचनाने घराघरांत पोहोचलेले ए. एफ. एस. तल्यारखान हेही विरोधकांत होते. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्याला महात्मा गांधींना भेटले. महाविद्यालये किंवा संस्था यांच्यात सामने होणे समजू शकते, पण हिंदू, पारशी, मुसलमान अशा संघांचे प्रयोजन आपल्याला कधीच समजलेले नाही, असा गांधींच्या उत्तराचा आशय होता. जीवनाचे एक तरी क्षेत्र या भेदापासून मोकळे असावे, असे त्यांना वाटत होते. गांधींचे सर्व जीवन धर्माने व्यापलेले होते आणि तरीही त्यांनी संघाला धर्माचे नाव देणे नाकारले, ही विसंगती नव्हे. धर्म ज्यांना अंतःकरणाचा विषय वाटतो, त्यांना तो फलकावर लावणे खटकणारच.

या स्पर्धेची दुसरी बाजू हिंदू संघाच्या आत घडली, आणि विचारासाठी तीच अधिक मोलाची आहे. १८७६ मध्ये धारवाडला जन्मलेले बाळू पालवणकर चांभार समाजातले होते. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात मैदानाची देखभाल करता करता ते फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी करू लागले आणि त्यांची डावखुरी फिरकी गोऱ्यांनाही दाद देईना. युरोपियनांना हरवायचे असेल तर हा गोलंदाज आपल्या बाजूला हवा, हे पुण्यातल्या हिंदू क्रिकेटपटूंच्या ध्यानात आले आणि त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्याच चेंडूला हात लावत. मात्र चहाच्या वेळी इतरांना पॅव्हेलियनमध्ये कप मिळे आणि बाळूंना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. पुढे ते मुंबईला आले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघाचा कणा झाले. १९०६ च्या विजयात ते होते, त्यांचे धाकटे भाऊ शिवरामही होते. १९११ मध्ये पटियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघातून खेळताना बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

कर्णधारपद मात्र त्यांना कधी मिळाले नाही. गोलंदाज म्हणून त्यांची गरज होती, पण त्यांच्या हुकमाखाली खेळणे सवर्णांना मानवत नव्हते. १९२० मध्ये त्यांना डावलल्याच्या निषेधार्थ त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली. अस्पृश्यतेचा प्रश्न तोवर राष्ट्रीय चळवळीच्या व्यासपीठावर आला होता आणि वृत्तपत्रांतूनही दबाव वाढत होता. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. देवळाच्या पायरीवर ज्यांना मज्जाव होता, त्या समाजातील एक माणूस हिंदूंच्या नावाने खेळणाऱ्या संघाचा प्रमुख झाला. शास्त्रार्थाने जे झाले नव्हते, ते इथे बळींनी आणि धावांनी घडवले होते.

एकाच स्पर्धेतून अशी दोन परस्परविरुद्ध फळे निघाली. हिंदू आणि मुसलमान यांच्यातील भिंत तिने जशीच्या तशी ठेवली. सवर्ण आणि अस्पृश्य यांच्यातील भिंतीला मात्र तिने तडा पाडला. फरक खेळाच्या नियमांत नव्हता, चेंडूत नव्हता, खेळाडूंच्या स्वभावातही नव्हता. फरक होता कोण कोणाच्या बाजूने खेळतो यात. विरुद्ध संघातला माणूस चांगला खेळला तर आपले नुकसान होते, आपल्या संघातला चांगला खेळला तर आपले भले होते. सहकाऱ्याच्या हातात झेल सुरक्षित आहे असा विश्वास टाकावा लागतो, त्याची धावेची हाक मानावी लागते, त्याच्या चुकीची किंमत स्वतः भरावी लागते. असे परस्परावलंबन उपदेशाने येत नाही. विजय हजारे यांच्या कारकिर्दीत हाच मुद्दा उलट दिशेने दिसतो. सांगलीचे हे ख्रिस्ती फलंदाज पंचरंगी सामन्यांत ‘इतर’ होते. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध ‘इतर’ संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. रणजी स्पर्धेत मात्र हेच हजारे दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राकडून खेळले, आणि १९३९-४० मध्ये बडोद्याविरुद्धच्या त्यांच्या नाबाद ३१६ धावा ‘आपल्या’ धावा ठरल्या.

संघात मिसळणे पुरेसे असते असे मात्र नाही. मैदानावरची समता मैदानाबाहेर आपोआप जात नाही, हे मातीच्या त्या भांड्याने दाखवलेच होते. बाळूंच्या कर्तृत्वाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिमान होता. पण १९३२ च्या पुणे करारापर्यंत दोघांचे मार्ग वेगळे झाले होते, आणि १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे आंबेडकरांविरुद्ध उभे राहून पराभूत झाले. आदल्याच वर्षी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या भाषणपुस्तिकेत आंबेडकरांनी मांडले होते की जातीच्या मुळाशी तिला पवित्र ठरवणारी शास्त्रांवरची श्रद्धा आहे. ती श्रद्धा हलल्याखेरीज सहभोजनासारखे उपाय पुरे पडत नाहीत. एकत्र खेळण्यालाही हीच मर्यादा लागू पडते.

इतर दुभंगलेल्या समाजांचा अनुभव याला दुजोरा देतो. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट सेल्टिक हा कॅथलिकांचा मानला जाणारा फुटबॉल क्लब प्रॉटेस्टंट खेळाडूही घेत असे. डिसेंबर १९४८ मध्ये लिनफिल्डविरुद्धचा सामना संपताच जमाव मैदानात घुसला आणि सेल्टिकचा खेळाडू जिमी जोन्स याचा पाय मोडला. जोन्स स्वतः प्रॉटेस्टंट होता. जमावाच्या लेखी त्याचा धर्म त्याच्या अंगातल्या सदऱ्याने ठरवला होता. पुढच्या वर्षी त्या क्लबने लीग सोडली. संघ मिश्र होता, भोवतालचा समाज नव्हता. इराकमध्ये इस्लामिक स्टेटच्या अत्याचारांमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती फुटबॉल संघांत काही ठिकाणी मुसलमान खेळाडू घालून सल्मा मूसा यांनी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मिश्र संघांतील ख्रिस्ती खेळाडू पुढेही मुसलमानांबरोबर खेळायला आणि सराव करायला अधिक राजी होते. मैदानाबाहेर अनोळखी मुसलमानांशी त्यांच्या वागण्यात मात्र तसा ठळक बदल दिसला नाही.

या सगळ्यातून काही गोष्टी स्थिरपणे म्हणता येतात. खेळ स्वभावतः समाज जोडत नाही आणि तोडतही नाही. संघ ज्या तत्त्वावर बांधला जातो, ते तत्त्व तो लोकांच्या मनात भिनवतो. जन्मावर बांधलेला संघ बाहेरच्याला कायमचा बाहेर ठेवतो, कारण जन्म बदलता येत नाही. गाव, शाळा, गिरणी, शहर, प्रांत यांच्या संघातही अभिमान आणि ईर्षा असतेच, पण तिथे नवा आलेला माणूस राहून, शिकून, काम करून आपला होऊ शकतो. नैतिक फरक या मोकळ्या दारात आहे. तसेच, संघात घेणे ही पहिली पायरी आहे. नेतृत्व, पंगत आणि शेजार यांत वाटा मिळेपर्यंत ती समता अपुरीच राहते. पंचरंगी सामने बंद झाले ते योग्य झाले, कारण त्यांनी देशातील माणसांना एकमेकांचे सहकारी होण्याची संधी नाकारली. आणि त्याच सामन्यांतील पालवणकर बंधूंचा इतिहास जपायला हवा, कारण ती संधी मिळाली की काय घडू शकते आणि तेवढ्याने काय घडत नाही, हे दोन्ही त्यात आहे.