अतिथी झालेला हिवाळा

वाट पाहणे ही मनाची अवस्था नीतीच्या कोणत्या सदरात घालावी, याचा विचार आपण सहसा करीत नाही. दान, सत्य, अहिंसा, लोभ, क्रोध यांची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु जे अद्याप आलेले नाही त्याच्याकडे डोळे लावून बसलेले मन चांगले की वाईट, असा प्रश्न विचारणारा विरळा. आणि तरीही मनुष्याच्या आयुष्याचा केवढा मोठा भाग या एका अवस्थेत जातो! पेरलेले उगवण्याची, परगावी गेलेला परतण्याची, दाव्याचा निकाल लागण्याची आपण वाट पाहत असतो. कर्मफलाची आसक्ती सोडावी, ही गीतेची शिकवण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. मग पुढे येणाऱ्या सुखाची चित्रे मनात रंगवीत बसणे हा त्या शिकवणीचा भंग मानावा काय?

या प्रश्नाच्या तपासणीसाठी मी मुद्दामच आपल्या अनुभवापासून दूरचे एक उदाहरण घेणार आहे. जवळच्या उदाहरणात आपल्या आवडीनिवडी निवाड्याच्या आड येतात. दूरच्या माणसाचा न्याय अधिक निःपक्षपातीपणे करता येतो. कॅनडा देशाच्या क्वीबेक प्रांतातील एखादी स्त्री डोळ्यांसमोर आणावी. ती नोकरी करते, घर सांभाळते आणि हिवाळ्यात स्नोमोबाइल चालवते. स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरून धावणारी, मोटारसायकलसारखी स्वार होऊन चालवण्याची गाडी. तिला पुढे चाकांच्या जागी दोन घसरपट्ट्या असतात आणि मागे इंजिनाच्या जोरावर फिरणारा एक रुंद रबरी पट्टा असतो. हंगाम साधारणतः डिसेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंतचा. परंतु या स्त्रीची प्रतीक्षा ऑक्टोबरातच सुरू होते.

मेपल वृक्षांची पाने गळून पडली की ती गाडीवरचे आच्छादन काढते. उन्हाळ्यात उंदरांनी इंजिनाच्या हवापेटीत घरटे केले नाही ना, हे प्रथम पाहावे लागते. मग शक्ती वाहून नेणारा बेल्ट झिजला आहे काय, सांध्यांना वंगण पोचले आहे काय, घसरपट्ट्यांखालच्या कठीण धातूच्या धारा बोथट झाल्या आहेत काय, हे सारे ती हाताने चाचपून पाहते. त्या प्रांतात तीस हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचे स्नोमोबाइलचे मार्ग आहेत. स्थानिक मंडळांचे स्वयंसेवक ते राखतात; शरद ऋतूत आडवी पडलेली झाडे दूर करतात, लहान पूल दुरुस्त करतात, दिशादर्शक खांब रोवतात. या मार्गांचा बराच भाग शेतकऱ्यांच्या व अन्य खाजगी मालकांच्या जमिनींवरून, केवळ त्यांच्या संमतीने जातो. मार्गावर जाण्यासाठी परवाना लागतो, आणि तो डिसेंबरच्या आरंभापूर्वी घेतल्यास स्वस्त पडतो. म्हणजे भूमीवर बर्फाचा कणही नसताना ही स्त्री हंगामाची किंमत मोजून मोकळी झालेली असते.

कोणी म्हणेल, हा सारा एका छंदाचा पसारा. त्यात नीतीचा प्रश्न कोठून आला? या वाहनाचा इतिहास पाहिला तर उत्तर इतके सोपे राहत नाही. याच क्वीबेकमधील वाल्कूर गावी जोसेफ-आर्मांद बोंबार्दिये नावाचा एक यंत्रज्ञ होता. बर्फावरून चालणारे वाहन घडवण्याची खटपट तो तरुणपणापासून करीत होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बुजले होते. रुग्णालयापर्यंत पोचता आले नाही आणि मूल दगावले. पुढे १९३७ मध्ये त्याला आपल्या पट्ट्याच्या रचनेचे एकस्व मिळाले, आणि त्याची मोठी वाहने हिवाळ्यात डॉक्टरांना, धर्मोपदेशकांना व टपालाला गावोगाव पोचवू लागली. एकट्यादुकट्याने चालवण्याची हलकी गाडी त्याने १९५९ मध्ये बाजारात आणली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील एडगर हेटीन याने अशाच गाड्या घेऊन अलास्कातील बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत सुमारे बाराशे मैलांचा प्रवास केला. त्या चार जणांच्या तुकडीत बेसी बिलबर्ग ही एक स्त्री होती. तात्पर्य, जे वाहन पुढे मुख्यतः आनंदाचे साधन झाले, त्याच्या मुळाशी हिवाळ्याने कोंडलेल्या माणसांची निकड होती. पूर्वी त्या भूमीतील लोक बर्फ सरण्याची वाट पाहत. या वाहनाने काहींना बर्फ येण्याची वाट पाहायला शिकवले. ज्या ऋतूला भ्यावे त्याचे स्वागत करावेसे वाटणे, हा मनाचा पालट लहान म्हणता येणार नाही.

येथे स्त्रीचे उदाहरण घेण्याचेही एक कारण आहे. स्त्रीच्या प्रतीक्षेचा आपल्या परंपरेने मोठा गौरव केला आहे. रामाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली शबरी आपल्याला वंदनीय वाटते. पतीची, पुत्राची, पाहुण्याची वाट पाहणारी स्त्री आपल्या साहित्यात पदोपदी भेटते. परंतु या सर्व प्रतीक्षा दुसऱ्यासाठी आहेत. स्वतःच्या आनंदासाठी, कोणाच्याही उपयोगी न पडणाऱ्या गोष्टीसाठी स्त्री वाट पाहू लागली की आपल्या कपाळाला आठी पडते. पुरुष शिकारीची वा कुस्तीच्या फडाची वाट पाहतो तेव्हा ती पडत नाही. हा भेद न्यायाच्या कसोटीला टिकणारा नाही. शबरीची थोरवी ती कोणाची वाट पाहत होती यात आहे; परंतु ती कशी वाट पाहत होती, रोज मार्ग झाडून कसा स्वच्छ करीत होती, यातही आहे. त्या दुसऱ्या गुणाचा विचार केला, तर गाडीखाली पडून वंगण घालणाऱ्या या परदेशी स्त्रीचे तिच्याशी काही नाते आहे, असे म्हणण्यात शबरीचा अवमान होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कठोपनिषदात यमाच्या दारी बालक नचिकेता तीन रात्री उपाशी राहतो. ज्याच्या घरी असा अतिथी अन्नावाचून राहतो, तो काय काय गमावतो याची तेथे यादी आली आहे. आणि त्या यादीच्या आरंभीच आशा आणि प्रतीक्षा हे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. व्यवहारात आपण ते एकाच अर्थाने वापरतो. शंकराचार्यांनी मात्र आपल्या भाष्यात त्यांचा भेद केला आहे. ज्या इष्ट वस्तूची प्राप्ती निश्चितपणे ज्ञात नाही तिची इच्छा ती आशा. जी मिळणार हे ज्ञात आहे तिची वाट पाहणे ती प्रतीक्षा.

माझ्या व्यवसायातील मंडळींना हा भेद ओळखीचा वाटेल. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात तो वेगळ्या भाषेत आला आहे. जी घटना घडणारच तिच्यावर अवलंबून असलेला लाभ निहित मानावा, असे कलम १९ सांगते; जी घडेल की नाही याची शाश्वती नाही तिच्यावर अवलंबून असलेला लाभ घटनापेक्ष मानावा, असे कलम २१ सांगते. आणि मृत्यूनंतर आपल्याला वारसा मिळेल, एवढ्या संभवाच्या भरवशावर जगणाऱ्याच्या हाती तर कायदा काहीच देत नाही. तो संभव त्याला विकताही येत नाही, हे कलम ६ मध्ये स्पष्ट केले आहे. सूर्य उद्या उगवेल, या भरवशावर करार करणारा आणि काका मृत्युपत्रात आपले नाव घालील, या भरवशावर कर्ज काढणारा, हे दोघेही वाटच पाहत असतात. परंतु त्यांची वाट पाहणे एका जातीचे नाही.

क्वीबेकमधील त्या स्त्रीच्या आजीच्या काळी हिवाळा ही घडणारच अशी घटना होती. तो कधी चार दिवस आधी येई, कधी आठवडाभर उशिरा; पण येई. आज ती खात्री राहिलेली नाही. कॅनडातील शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९४८ ते २०१६ या काळात त्या देशाचे सरासरी वार्षिक तापमान १.७ अंश सेल्सिअसने वाढले, आणि हिवाळ्याचे तर ३.३ अंशांनी. २०२३-२४ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या मिनेसोटा व विस्कॉन्सिन राज्यांत इतका अल्प बर्फ पडला की, अनेक भागांतील स्नोमोबाइलचे मार्ग जेमतेम काही दिवस उघडले. आपल्या देशातही जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील हिवाळी क्रीडास्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. म्हणजे ज्या गोष्टीची प्रतीक्षा करता येत होती, तिची आता केवळ आशा करावी लागते. एका पिढीची निहित मालमत्ता दुसऱ्या पिढीच्या हाती घटनापेक्ष होऊन आली आहे. सुख अनिश्चित झाले म्हणजे ते इच्छिणाऱ्याचे कर्तव्य बदलते काय, हा या उदाहरणातला खरा नैतिक प्रश्न आहे.

माझ्या मते ते बदलते, आणि तीन प्रकारे बदलते. प्रतीक्षेत थोडा हक्क मिसळलेला असतो; आशेत हक्क नसतो. परवान्याचे पैसे भरले म्हणून आकाशावर दावा लावता येत नाही. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीवरून मार्ग जातो त्याचीही अनुज्ञा आहे, ऋण नव्हे. तो ती परत घेऊ शकतो. जे अनुज्ञेने मिळते ते कृतज्ञतेने भोगावे लागते, आणि ती कृतज्ञता मार्ग न सोडण्यात व दुसऱ्याचे शेत न तुडवण्यात दिसावी लागते.

आशेला संयम अधिक लागतो. उशिरा गोठलेल्या सरोवरावर गाडी घालण्याचा मोह आवरला नाही, म्हणून त्या देशांत दर हिवाळ्यात माणसे बर्फाखाली बुडतात. बर्फाचा थर पाच-सात इंच तरी भक्कम झाला आहे की नाही, हे मोजून पाहावे लागते. मन किती आसुसले आहे यावर ती जाडी ठरत नाही. तेथे उतावळेपणाची शिक्षा लगेच मिळते, म्हणून तो दोष आहे हे लवकर पटते. आपल्या व्यवहारात ती शिक्षा विलंबाने मिळते, एवढाच फरक.

तिसरे कर्तव्य सर्वांत कठीण आहे. ज्या हिवाळ्याची ही स्त्री आशा करते, तो क्षीण करणाऱ्या असंख्य धुरांमध्ये एक बारीक धूर तिच्या गाडीचाही असतो. अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९६३ मध्ये पहिल्या स्नोमोबाइल आल्या. पुढे त्यांची गर्दी एवढी वाढली की, प्रवेशद्वारावरील कर्मचाऱ्यांच्या खोल्यांत पंपाने स्वच्छ हवा सोडावी लागली. बंदी घालावी की नाही यावर वर्षानुवर्षे खटले चालले, आणि अखेरीस २०१३ च्या नियमाने गाड्यांची संख्या मर्यादित करून कमी धूर व कमी आवाज करणाऱ्या गाड्यांनाच वाव दिला. विजेवर चालणाऱ्या स्नोमोबाइलही निघाल्या आहेत. मात्र आरंभीच्या काही गाड्यांचा पल्ला पन्नास किलोमीटरांच्या आसपासच राहिला. कायदा असा मध्यममार्ग काढतो, आणि ते योग्यही आहे. पण सदसद्विवेक त्याहून पुढचा प्रश्न विचारतो : जे तुला प्रिय आहे, ते तुझ्या प्रीतीनेच झिजत असेल तर?

या आरोपातून तिला पूर्णपणे निर्दोष सोडता येत नाही. दोषाचा सारा भार तिच्या एकटीच्या डोक्यावर लादणेही अन्यायाचे होईल. कारण तिच्या एका हंगामाच्या धुराहून आपल्यापैकी कित्येकांच्या वर्षभराच्या सोयींचा धूर अधिक असेल, आणि तो करताना आपण कशाची वाटही पाहत नसतो. तिला निदान जे नाहीसे होत आहे त्याची ओळख आहे. पहिल्या हिमाची तारीख तिला दर वर्षी आठवते, आणि ती पुढे सरकली की तिच्या काळजात चर्र होते. वाट पाहणाऱ्यालाच उशीर कळतो. ज्याने वाट पाहिली नाही त्याला हानीची वार्ताही लागत नाही. प्रतीक्षेचा हा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो : ती मनुष्याला साक्षीदार बनवते. मात्र साक्षीदाराने साक्ष दिली पाहिजे. हंगामाची आशा करणाऱ्या स्त्रीने आपल्या फेऱ्या मोजून कराव्यात, धूर कमी करणारे यंत्र परवडेल तेव्हा घ्यावे, आणि आपल्या मंडळात, आपल्या प्रांतात या विषयावर बोलावे. एवढे केले तर तिच्या आशेला आसक्ती म्हणणे अवघड होईल.

आपल्याकडे देवस्थानांच्या जत्रांची तिथी पंचांगात आधीच छापलेली असते. हिमाने सहा महिने बंद राहणाऱ्या बदरीनाथाच्या मंदिराचा दरवाजा कधी उघडायचा, तेही वसंतपंचमीला जाहीर होते. भाविक तेथे बर्फ सरण्याची वाट पाहतो, ती स्त्री बर्फ पडण्याची. परंतु दोघांचाही भरवसा ऋतूंच्या एकाच नियमावर उभा आहे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ती आपण लहानपणापासून ऐकत आलो. उत्तरेकडचा हिवाळा आज या अर्थाने अतिथी झाला आहे. अतिथीवर हक्क सांगता येत नाही, आणि तो येईलच असे कोणाला वचनही देता येत नाही. घर झाडून ठेवणे, दिवा लावणे, आणि तो दाराशी येऊन उपाशी परतणार नाही अशी आपली वागणूक ठेवणे, एवढेच यजमानाच्या हाती असते. नोव्हेंबरच्या थंड संध्याकाळी गाडीला वंगण घालणारी ती स्त्री तेवढे करीत असेल, तर तिचे वाट पाहणे धर्माला सोडून नाही. आपण ज्याची वाट पाहतो, त्याच्यासाठी आपण काय करतो, हा हिशेब आपल्यालाही द्यावा लागणार आहे.