फुले २६५ ची कैफियत

हवामानबदलाच्या संशोधनासाठी विद्यापीठांनी आणि उद्योगांनी एकत्र यावे, असा आग्रह आज देशोदेशी धरला जातो. परंतु सातारा-सांगलीकडच्या वाचकाला त्यात नवलाई वाटण्याचे कारण नाही, कारण सातारा जिल्ह्यातील पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून उभे आहे, पुढे ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आले, आणि तेथून प्रसारित झालेल्या वाणांवर कृष्णाकाठच्या कारखान्यांची धुराडी वर्षानुवर्षे पेटत आली आहेत.

या जुन्या व्यवहारातील खरी मेख ‘फुले २६५’ या वाणाच्या कैफियतीत सापडते. २००७ साली आलेला हा ऊस वजनाला भरघोस, आणि मिरज-वाळव्याकडे अतिरिक्त पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनीतही तग धरणारा. ऋतुमान बिघडत जाईल तसतशी ज्या गुणाची निकड वाढणार, तोच त्याच्या अंगी. शेतकऱ्यांनी तो आपलासा केला. मात्र हंगामाच्या आरंभी त्याचा साखर उतारा कमी पडतो, या सबबीवर अनेक कारखाने त्याची नोंद घेण्यास नाखूष राहिले. त्यांचे सर्वस्वी चुकले असे म्हणवत नाही, कारण साखरेची पोती शेवटी उताऱ्यावरच भरतात. पण मग जो उद्योग संशोधनाला पैसा पुरवील, तो उताऱ्याचाच प्रश्न पुढे करील, हे ओघानेच आले. शास्त्रज्ञाचे उत्तर विकत घेता येत नाही, एवढ्यावर आपण समाधान मानतो. वस्तुतः विकत जातो तो प्रश्न, आणि त्यासाठी कोणाला लबाडीही करावी लागत नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात सांगली जिल्ह्यातील जत-आटपाडीची गावे टँकरच्या पाण्यावर होती, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली. अशा जिल्ह्यात ऊस किती लावावा आणि कोठे लावूच नये, हे पदरमोड करून कोणता कारखाना विचारील?

कारखान्यांनी पैसा देऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. सांगलीच्या वसंतदादा पाटलांचे नाव धारण करणारी पुण्याजवळच्या मांजरीची साखर संशोधन संस्था कारखान्यांच्याच वर्गणीवर वाढली, आणि तिच्या कामाची थोरवी कोणी नाकारणार नाही. विषय निवडण्याची मुखत्यारी मात्र विद्यापीठाने आपल्या दप्तरी ठेवावी, त्या सल्लामसलतीत जतच्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही बसवावे, आणि कारखान्यांशी होणाऱ्या प्रत्येक करारनाम्यात, ‘ऊस कमी करा’ असा निष्कर्ष निघाला तरी तो जसाच्या तसा छापला जाईल, हे कलम सर्वांत आधी लिहून घ्यावे.