चालणाऱ्याचा विश्वास व पाठविणाऱ्याचे कर्तव्य

शाहूपुरीच्या पेठेत हातगाडी ओढणारा मनुष्य आपण सर्वांनी पाहिला आहे. चढ लागला म्हणजे तो सारे अंग पुढे टाकितो, आणि ओझे उतरताच गाडीच्याच सावलीत बसतो. त्याची वाट फार तर कोस-दीड कोसाची. परंतु अशाच हातगाड्या ओढीत तेराशे मैल चालत गेलेल्या एका टोळीत मुंबईस जन्मलेली एक स्त्री होती, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. तिचा वृत्तांत आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो. कारण त्यातून निघणारा प्रश्न आपल्या खेड्यांतील मंडळ्यांस फार जवळचा आहे. विश्वासाने घर सोडणाऱ्यास जे दुःख सोसावे लागते, त्याचा जाब कोणी द्यावयाचा?

एलिझाबेथ झेवियर हिचा जन्म १८३३ साली झाला. इंग्रजी पलटणीत नोकरीस असलेल्या विल्यम टेट याच्याशी तिचे लग्न झाले, व पुढे ती दोघेही मॉर्मन पंथात होती. हा पंथ जोसेफ स्मिथ याने १८३० साली अमेरिकेत स्थापिला, आणि १८५२ साली त्याचा उपदेशक ह्यू फिंडले मुंबईस येऊन पुण्यासही गेला. या पंथाची कित्येक मते आपल्या मंडळ्यांस मान्य नाहीत. पण आज आपणांस तो वाद करावयाचा नाही. सर्व अनुयायांनी अमेरिकेतील यूटा प्रांती, सॉल्ट लेकच्या खोऱ्यात, एकत्र व्हावे असा त्या काळी त्यांच्या पुढाऱ्यांचा उपदेश असे. त्याप्रमाणे विल्यम पुढे गेला, व एलिझाबेथबाई तान्ह्या मुलीला घेऊन मागून निघाली. आईबापांनी तिला राहण्याविषयी फार गळ घातली, असे तिच्या कुटुंबात जपलेल्या हकिकतीत आहे. ती लेक वाटेतच वारली. तिला परक्या भूमीत मूठमाती देऊन आई पुढे चालू लागली.

१८५६ साली पंथापाशी पैसा थोडा होता. बैलगाड्यांचा खर्च पेलेना, म्हणून गरीब लोकांनी हातगाड्या ओढीत जावे असे ठरले. सुमारे पाच माणसांस एक गाडी, व प्रत्येक मोठ्या माणसास सतरा पौंड, म्हणजे सुमारे आठ किलो, सामान नेण्याची परवानगी. त्या वर्षीच्या पहिल्या तीन टोळ्या लवकर निघाल्या व ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत पोहोचल्याही. एलिझाबेथबाईची टोळी मात्र जेम्स विली याच्या हाताखाली १५ जुलै रोजी आयोवा शहराहून निघाली. माणसे सुमारे पाचशे. त्यांत म्हातारे, बाळंतिणी व लेकरे पुष्कळ. गाड्या ओल्या लाकडाच्या असल्यामुळे वाटेत मोडू लागल्या.

ऑगस्टात ही मंडळी फ्लॉरेन्स या ठाण्यावर आली, तेव्हा पुढे जावे की हिवाळा तेथेच काढावा, असा विचार पडला. लेव्ही सॅव्हेज या नावाचा एक उपनायक होता. तो ब्रह्मदेशी उपदेशाचे काम करून परतलेला व त्या डोंगरांचा माहितगार. त्याने सभेत उभे राहून स्पष्ट सांगितले की, इतक्या उशिरा म्हाताऱ्यांस व लेकरांस घेऊन निघालो तर पुष्कळ मरतील. नायकांस हे रुचले नाही. देव वाट मोकळी करील, असे म्हणून निघण्याचे ठरले. तेव्हा सॅव्हेज म्हणाला की, माझे ऐकत नसाल तरी मी तुम्हांस सोडीत नाही; तुमचे जे होईल ते माझेही होवो. युरोपातून लोकांस पाठविण्याचे काम ज्याच्याकडे होते तो फ्रँकलिन रिचर्ड्स सप्टेंबरात वेगवान घोडागाडीतून याच टोळीला गाठून पुढे निघून गेला.

सॅव्हेजचे भाकीत खरे झाले. पिठाचा वाटा कमी करावा लागला. ऑक्टोबरात बर्फ पडले. रिचर्ड्सने ४ ऑक्टोबरला सॉल्ट लेक येथे ही वार्ता पोहोचविताच पंथाचा मुख्य ब्रिगम यंग याने दुसऱ्याच दिवशी भरसभेत गाड्या, जनावरे व पीठ मागितले, व लोकांनी ती दिली. मदत भेटली तरी २३ ऑक्टोबरला रॉकी रिज नावाची खडकाळ चढण हिमवादळात चढावी लागली, आणि दुसऱ्या दिवशी तेरा प्रेते एकाच खड्ड्यात पुरली. टोळी ९ नोव्हेंबरला पोहोचली, तोवर सत्तरीच्या घरात माणसे मेली होती. एलिझाबेथबाई वाचली, तिला तिचा नवरा भेटला, व पुढे सीडर सिटी या गावी त्यांनी संसार थाटला.

आता कोणी म्हणेल, ही ईश्वराची इच्छा. यात दोष कोणाचा? दुसरा म्हणेल, ही भोळी माणसे. त्यांनी घर सोडलेच कशाला? आम्हांस ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिल्याने पुढाऱ्यांची चूक देवाच्या माथी मारली जाते. जुलैत निघावे हे देवाने ठरविले नव्हते, माणसांनी ठरविले होते. हातगाडी तीच असून लवकर निघालेले सुखरूप पोहोचले. दुसऱ्याने चालणाऱ्याचा मान हिरावला जातो. लेकराला मूठमाती देऊनही जिचे पाऊल मागे फिरले नाही, तिच्या निष्ठेस मूर्खपणा म्हणणे अन्यायाचे होय. तिचा विश्वास तिचा होता. तिने निघावयाचा ऋतू मात्र दुसऱ्यांनी निवडला होता. म्हणून तिच्या धैर्याची थोरवी गाऊन त्यांची चूक झाकता येत नाही, आणि त्यांची चूक दाखविल्याने तिचे धैर्य लहान होत नाही.

पवित्र शास्त्रातील नामीची गोष्ट आठवा. मवाबातून परतताना तिने दोघी सुनांस एकदा नव्हे, पुनःपुन्हा सांगितले की, माझ्यापाशी तुम्हांस देण्यासारखे काही उरले नाही. आपल्या माहेरी जा. अर्पा रडत परत गेली, व शास्त्र तिला दोष देत नाही. रूथ राहिली. नामीने सारे उघड सांगितले होते, म्हणूनच रूथच्या निश्चयाला मोल आले. ज्याला वाटेतले खाचखळगे सांगितलेच नाहीत, त्याच्या होकाराला आपण निवड कसे म्हणावे?

उपदेशकबंधूंनो, आपल्या बोलण्यावरून आजही कोणी आईबाप सोडतो, कोणी भाऊबंदांचा पाणवठा सोडतो, कोणी शेताचा वाटा सोडतो. तेथे आनंद व शांती आपण सांगतो, आणि सांगावीही. पण लग्नाच्या लेकीचे काय होईल, दुष्काळात दाणे कोण देईल, हेही आपण त्याच तोंडाने सांगतो काय? बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने शिकविले. तो हिशेब नवख्याला एकट्याने करता येत नाही. वाट पाहिलेल्याने त्याच्याशेजारी बसून करावा लागतो. तो म्हणाला, "साहेब, मी अजून थांबतो," तर त्यास अविश्वासी म्हणू नये.

आणि हिशेब सांगूनही तो निघाला, तर आपण घोडागाडीतून पुढे जाणाऱ्यांपैकी नसावे. सॅव्हेजने आधी खरे सांगितले, व मग गाड्यांबरोबर तो स्वतः चालला. या दोन गोष्टींपैकी एकच करणारे पुष्कळ असतात. दोन्ही करणारा मनुष्य आपल्या प्रत्येक मंडळीत एक तरी असो, हीच आमची प्रार्थना आहे.