काणीच्या गाठीत पाप कुठे?

मक्याच्या कणसावर काणी हा बुरशीचा रोग पडला की दाणे फुगून राखाडी गाठी होतात. पिकलेली गाठ फोडली की काळी भुकटी हाताला लागते. ही बुरशी पिकाशी कपट करते, असं म्हणावं का?

तिची रीत पाहिली तर तसंच वाटतं. रोगाची चाहूल लागताच मका सॅलिसिलिक आम्ल बनवून प्रतिकार उभा करतो. बुरशी आपलं एक विकर थेट त्याच्या पेशीत सोडते आणि या आम्लाचा कच्चा माल दुसरीकडे वळवते. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी ही चाल उघड केली. २०१९ मध्ये तिच्यावरचा तोडगाही सापडला: मक्याचंच एक प्रथिन त्या विकराला निकामी करतं.

पण कपटाला हेतू लागतो. बुरशीला ना मन, ना दुसरा मार्ग. मेक्सिकोत तर याच कोवळ्या गाठी ‘उइत्लाकोचे’ म्हणून आवडीने खाल्ल्या जातात. तिथे तिला पापी कोण म्हणेल?

पण म्हणून काही शेतकऱ्याचं नुकसान खोटं ठरत नाही. हाताशी आलेलं पीक गेलेल्या माणसाला ‘निसर्गात पाप नसतं’ एवढंच सुनावणं निर्दयपणाचं आहे. बुरशीला दोष देता येत नाही, पण रोगाला दाद न देणारं वाण शोधणं आणि त्या शेतकऱ्यामागे उभं राहणं ही माणसांची जबाबदारी उरतेच.