संडासातील केरसुणी

परवा खेड मुक्कामी कीर्तनास गेलो होतो. यजमानांच्या संडासात घासायचा ब्रश आणि खराटा ओल्या कोपऱ्यात लोळत पडलेले. आम्ही सोवळ्याच्या सवयीनं ते पायानंच सारले. मागाहून कामाच्या बाईंनी ते हातानं उचलले. अन् रात्री आमच्या कीर्तनात गाडगेबाबांच्या खराट्याचा महिमा! जीभ अडखळली.

लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीस हळदकुंकू वाहतो. मग संडासातल्या केरसुणीनं काय पाप केलं? विटाळ मानून आपण ती टाकतो, टाकल्यामुळं ती कुजते, आणि कुजकी मूठ येते दुसऱ्याच्या हाती. सोवळं आमचं, मळ बाईंचा. हा कुठला शास्त्रार्थ? १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी हेच सफाईचं काम आपणांस मिळावं म्हणून उपास मांडला. त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपास आरंभिला. त्याच कामाची हत्यारं आम्ही लाथाडली.

करायचं ते थोडंच आहे. ब्रश धुऊन, झटकून, भुईला न टेकेल असा खिडकीशी टांगावा. कोकणच्या पावसात कोपऱ्यातलं ओलं सुकत नाही. बादली उपडी ठेवावी. अ‍ॅसिडची बाटली मात्र पोरांच्या हाती न लागेल अशी उंचावर.

सकाळी निघण्यापूर्वी आम्ही यजमानांकडे हातोडी आणि दोन खिळे मागितले.