निग्रह कुणाचा मोठा?

कीर्तनात व्यसनाचा विषय निघाला की मी वर्षानुवर्षे एकच सांगत आलो : मन आवरा, सुटेल. श्रोते माना डोलावतात. डोलावणारे बहुतेक मुळातच निर्व्यसनी असतात, ही गोष्ट वेगळी!

एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध माउली जवळ आली. म्हणाली, "बुवा, दोघं पोरं माझीच. मुंबईला संगतीनं दोघांनी ती एम.डी. का काय म्हणतात ती पूड घेतली. थोरला विसरून गेला, धाकट्याला सुटंना. मग धाकट्याचंच मन तेवढं वाईट का हो?" मी निरुत्तर झालो. पुढे एका डॉक्टरांना गाठले.

ते म्हणाले, मेंदूच्या पेशी एकमेकींना द्रव्यांच्या द्वारे निरोप धाडतात. सेरोटोनिन हे त्यांपैकी एक. १९४८ साली अमेरिकेत रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी ते रक्तातून वेगळे काढले. १९५३ साली ते मेंदूतही आढळले. ज्या दारांशी हा निरोप पोचतो त्यांना ग्राही म्हणतात. एकट्या सेरोटोनिनचे ग्राही चौदा प्रकारचे!

आता कोकेन घ्या, तेही एम.डी.सारखे उत्तेजकच. वापरलेले डोपामीन पेशीत परत जाण्याची वाट ते अडवते. डोपामीन साचते आणि जीवाला 'पुन्हा हवे' अशी ओढ लागते. पण ओढ किती, हे ठरण्यात सेरोटोनिनच्या दारांचाही हात असतो. 'एक-बी' हा ग्राही जन्मतः नसलेले उंदीर कोकेनसाठी इतरांहून अधिक खटपट करतात, असे १९९८ साली प्रसिद्ध झाले. 'दोन-सी' हा ग्राही औषधाने चेतवला तर उंदरांची कोकेनची मागणी घटते, अडवला तर वाढते.

यावर कुणी म्हणेल, मग व्यसनी निर्दोष, सारा दोष दाराचा! तसेही नव्हे, बरं का. त्याच १९९८ साली दुसऱ्या संशोधकांनी ग्राही शाबूत असलेल्या उंदरांत 'एक-बी' चेतवला, तर कोकेनची गोडी उलट वाढली. एकच दार, दोन परिणाम! न्यायशास्त्र सांगते, कार्य एका कारणाने होत नाही, कारणसामग्रीने होते. माती आहे म्हणून घडा होत नाही. चाक लागते, कुंभार लागतो. ग्राही ही माती समजा. संगत आहे, पुडी विकणारा आहे, आणि कर्ताही आहेच. त्याला वगळून चालणार नाही.

पण मग थोरल्याचे काय? त्याला ओढ तेवढी लागलीच नसेल, तर त्याने आवरले ते काय? मीही तंबाखूला कधी शिवलो नाही. हे व्यासपीठावरून किती वेळा मिरवले असेन! खरे सांगायचे तर मला ती कधी हवीशीच वाटली नाही.

जाता जाता ती माउली म्हणाली होती, धाकटा मध्यंतरी चार महिने पुडीवाचून राहिला होता. मी तेव्हा वीणा पिशवीत भरत होतो. नुसते 'हं' म्हणालो.