दाद आणि मोजदाद

उर्दू माध्यमाच्या शाळेत भाषा शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना 'दाद' या शब्दाचे फार कौतुक वाटते. शब्द मूळ फारसी आणि तिथे त्याचा पहिला अर्थ न्याय. मराठीने हा अर्थ कोर्टकचेरीच्या भाषेत जपून ठेवला आहे. आपण आजही न्यायालयात दाद मागतो. उर्दूत हा शब्द मुशायऱ्यात जाऊन बसला. शायराने शेर पढला आणि ऐकणाऱ्याच्या तोंडून 'वाह' निघाले, म्हणजे त्याने त्या शेराला न्याय दिला, त्याचे देणे चुकते केले. मराठीत याच अक्षरांनी संपणारा आणखी एक शब्द आहे, 'मोजदाद'. इन्स्टाग्राम नावाच्या चित्रांच्या बाजारात या दोहोंमधला फरक पुसला गेला आहे की काय, असा प्रश्न आम्हाला काही दिवसांपासून पडला आहे.

प्रश्न नुसता शब्दांचा असता तर स्टाफरूममधल्या चहाबरोबर संपला असता. पण तो आमच्या पोटाशी जोडलेला आहे. उर्दू शाळांचा पट अनेक ठिकाणी आटत चालला आहे. आईवडील स्वतः उर्दू शाळेत शिकलेले असले तरी मुलाला इंग्रजी माध्यमात घालतात, आणि त्यांची कारणे आम्हाला समजतात. पट घसरला की संचमान्यतेत पदे कमी होतात, शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि त्याचे समायोजन कुठल्या गावी होईल हे कोणीच सांगू शकत नाही. अशा वेळी संस्थेतले कोणीतरी म्हणते, शाळेचे इन्स्टाग्रामवर पान काढा, हजारो फॉलोअर जोडा, पालक आपोआप येतील. ही सूचना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मोहल्ल्यातल्या तरुण आया भिंतीवरची पाटी वाचत नाहीत, मोबाइल पाहतात. लोकांनी आपल्याकडे पाहावे म्हणून झटणे यात गैर काय? आणि गैर असेलच, तर ते नेमके कुठून सुरू होते?

आधी या माध्यमाची रीत पाहू. ऑक्टोबर 2010मध्ये केविन सिस्ट्रॉम आणि माइक क्रिगर या दोघांनी ते अमेरिकेत सुरू केले. तेव्हा ते साधे होते. फोटो टाकायचा, आणि जे तुम्हाला फॉलो करतात त्यांना तो वेळेच्या क्रमाने दिसायचा. 2012मध्ये फेसबुकने ते सुमारे 1 अब्ज डॉलरला घ्यायचे ठरवले. 2016मध्ये कंपनीने सांगितले की लोकांच्या नजरेतून सरासरी 70 टक्के मजकूर निसटूनच जातो; म्हणून यापुढे क्रम घड्याळ ठरवणार नाही, कोणाला काय रुचेल याचा अंदाज बांधून यंत्र ठरवेल. बदल तांत्रिक वाटतो, पण सगळी गोम इथेच आहे. तोपर्यंत फॉलोअर म्हणजे 'मला तुझे ऐकायचे आहे' असे एकदा सांगून समोर बसलेला माणूस होता. त्यानंतर त्याचे ते सांगणे पुरेसे राहिले नाही. तो किती सेकंद थांबतो, हृदयाच्या खुणेवर बोट ठेवतो का, दुसऱ्याला पाठवतो का, यावर तुमचे पुढचे चित्र त्याच्यापर्यंत जाईल की नाही हे ठरू लागले. 29 जून 2020 रोजी आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली आणि पाठोपाठ जुलैत रील आल्या. रील तर अनोळखी माणसांपुढेही टाकली जाते. म्हणजे श्रोता बैठकीत बसलेलाच नाही. तो दारावरून चालला आहे, आणि शायराने त्याला दोन-तीन सेकंदांत बाहीला धरून थांबवायचे आहे.

म्हणून फॉलोअर वाढवण्याचे धडे सगळीकडे सारखेच असतात. रोज काहीतरी टाका. सुरुवातीलाच धक्का द्या. चेहरा दाखवा, कारण नजर चेहऱ्यावर थांबते. शेवटी प्रश्न विचारा, म्हणजे लोक उत्तर लिहितील. खरे सांगायचे तर हे ऐकताना आम्हा बी.एड. झालेल्यांना ओळखीचे वाटते. सूक्ष्म अध्यापनाच्या तासाला आम्हाला हेच घोटून घ्यावे लागले होते: सज्जता प्रवर्तन, चेतक बदल, प्रश्न कौशल्य, प्रबलन. आवाज चढवा, उतरवा, जागा बदला, मुलांची नजर फळ्यावरून हलू देऊ नका. लक्ष वेधून घेणे हाच गुन्हा ठरवला तर पहिले आरोपी आम्ही शिक्षक असू.

पण वर्गात लक्ष वेधून झाले की आमचे काम सुरू होते. पुढे अपूर्णांकांची बेरीज वाट पाहत असते. रीलमध्ये लक्ष मिळाले की बहुधा काम संपलेले असते. दुसरे असे की वर्गातले डोळे आम्हाला परत पाहत असतात. कोण जांभई देतो आहे, कोण सकाळी उपाशी आला आहे, कोणाचा बाप काल रात्री घरी आला नाही, हे आम्हाला दिसते आणि ते दिसल्यावर आमची जबाबदारी वाढते. दहा हजारांच्या आकड्यात यातले काही दिसत नाही. आकडा फक्त कमी किंवा जास्त असतो.

आणि तो आकडा माणसाचे काय करतो? बी. एफ. स्किनरचे कबुतरांवरचे प्रयोग आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणे बंद झाल्यावर कबूतर लवकरच चोच मारणे सोडते. दाणा कधी पडेल आणि कधी नाही याचा नेम नसेल, तर ते कितीतरी अधिक काळ चोच मारत राहते. कालच्या चित्राला तीनशे हृदये, आजच्याला अकरा. का, ते कळत नाही. म्हणून उद्या पुन्हा. शिक्षकाला हा पाठ आयुष्यात इतक्या उघडपणे भेटेल असे प्रशिक्षणाच्या वर्षात वाटले नव्हते. कंपनीलाही याची कल्पना नव्हती असे नाही. 2019मध्ये तिने काही देशांत लाइकचे आकडे झाकून पाहिले. मे 2021मध्ये ते झाकायचे की नाही हे ज्याच्या त्याच्यावर सोपवले. कंपनीचे म्हणणे असे पडले की काहींना त्यामुळे बरे वाटले आणि काहींना उलट त्रास झाला. हे वाचून आम्हाला मुशायऱ्यांची आठवण झाली. तिथेही शायर दादेचा भुकेला असतो, थोडा जास्तच असतो, पण कोणत्या शेराला किती वेळा 'मुकर्रर' झाले याची वही कोणी ठेवत नाही.

मोजदाद दादेपासून पूर्ण सुटी झाली की काय होते, याचा नमुना जगाने 2019मध्ये पाहिला. 4 जानेवारीला इन्स्टाग्रामवर एका अंड्याचा फोटो आला. साधे तपकिरी अंडे, मागे पांढरा पडदा. खाली आवाहन एवढेच की सर्वाधिक लाइकचा विक्रम मोडू या. तो विक्रम कायली जेनर या अमेरिकन तारकेच्या नावावर होता, सुमारे 1 कोटी 80 लाखांचा. दहा दिवसांच्या आत अंड्याने तो मोडला आणि पुढे आकडा पाच कोटींच्या पार गेला. हा विक्रम डिसेंबर 2022पर्यंत टिकला. मग मेस्सीच्या विश्वचषकाच्या छायाचित्रांनी तो मोडला. अंड्यामागे ख्रिस गॉडफ्रे नावाचा लंडनमधला जाहिरात क्षेत्रातला तरुण होता. फेब्रुवारी 2019मध्ये अंडे तडकताना दाखवून समाजमाध्यमांच्या ताणाबद्दल एक संदेशही दिला गेला. संदेश चांगला होता. पण कोट्यवधी माणसांनी आधी अंड्याला दाद दिली होती असे म्हणता येईल का? त्यांनी एका आकड्याला वाढताना पाहिले आणि त्याला हातभार लावला. गंमत म्हणून ठीक. मात्र याच मापाने कोणी स्वतःच्या मुलीचे गाणे, स्वतःचा चेहरा, स्वतःची शाळा मोजू लागला तर त्याला आपल्यातच काही कमी आहे असे वाटणे अटळ आहे.

ऑस्ट्रेलियाच्या एसेना ओनील या मुलीला ते अठराव्या वर्षी वाटले. सहा लाखांहून अधिक फॉलोअर असताना, 2015मध्ये, तिने दोन हजारांच्या आसपास फोटो काढून टाकले आणि उरलेल्यांच्या खालचा मजकूर बदलून खरे काय ते लिहिले: या एका फोटोसाठी पोट सपाट दिसावे म्हणून किती फोटो काढले, या कपड्यासाठी किती पैसे मिळाले. हेही प्रसिद्धीसाठीच, असे तिला काहींनी म्हटले. असेलही. तरी तिने दाखवलेली गोष्ट खोटी ठरत नाही. लाखो लोक जिच्याकडे पाहत होते, ती मुलगी त्यांना कधी दिसलीच नव्हती.

विकतच्या दादेबद्दल फार लिहायला नको. पॅरिसच्या नाट्यगृहांत 19व्या शतकात पैसे घेऊन टाळ्या वाजवणाऱ्यांच्या टोळ्या असत. कुठे हसायचे, कुठे रडायचे हे त्यांना आधी नेमून दिलेले असे. आपल्याकडचे काही शायरही आपली चार माणसे बरोबर आणतात, हे मुशायऱ्याला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. डिसेंबर 2014मध्ये इन्स्टाग्रामने खोटी खाती झाडून काढली तेव्हा जस्टिन बीबर या गायकाचे सुमारे 35 लाख फॉलोअर एका फटक्यात नाहीसे झाले. माणसे गेलीच नव्हती, कारण ती मुळात नव्हतीच. असो.

याचा अर्थ या माध्यमावर खरी दाद मिळतच नाही असा नव्हे. आमच्याच एका माजी विद्यार्थिनीचे उदाहरण देतो. घराबाहेर फारशी न पडणारी ही मुलगी बांबूच्या कलमाने नस्तालीक लिहिते. तिच्या पानावर तिचा चेहरा एकदाही आलेला नाही. फक्त हात, बोरू, शाई आणि कागद. फॉलोअर हजारही नाहीत. पण त्यांतला कोणीतरी तिला विचारतो की 'नून'चा पोटवळसा एवढा खोल का घेतला, आणि ती रात्री बसून त्याला दुसऱ्या कागदावर तो वळसा काढून दाखवते. अशा कोणीतरी तिच्याकडून निकाहाच्या पत्रिकेचे अक्षर लिहून घेतले. तिला एकदा तिच्या भावाने सुचवले की रोज टाक, गाणे लाव, वेगाने फिरव. तिचे उत्तर होते, "भाईजान, अक्षर वाळायला वेळ लागतो."

याच्या उलट चित्र 2020च्या टाळेबंदीत पाहिले. रमजानचे दिवस होते, हातावर पोट असणाऱ्यांच्या चुली विझल्या होत्या आणि रेशनचे किट वाटणारे देवासारखे वाटत होते. त्यांतल्या बहुतेकांनी मनापासून काम केले. तरी कित्येक ठिकाणी पाच किलो आट्याच्या पिशवीबरोबर एक फोटोही घ्यावा लागे. पिशवीचे एक टोक देणाऱ्याच्या हातात, दुसरे घेणाऱ्याच्या, आणि दोघांनी मोबाइलकडे पाहायचे. वाटणारे म्हणत की फोटोमुळे पुढची मदत येते, आणि ते खरेही होते. कुरआनने उघड दिलेल्या दानाला चांगलेच म्हटले आहे, गुपचूप गरिबाला दिलेले अधिक चांगले म्हटले आहे, आणि लोकांना दाखवण्यासाठी दिलेले, घेणाऱ्याला दुखावणारे दान वाया गेले असे सांगितले आहे. आमच्या मौलवींनी याचा विचार नेहमी देणाऱ्याच्या बाजूने केला. त्याच्या नियतीत रिया शिरली का, एवढेच पाहिले. आम्हाला घेणाऱ्याच्या बाजूने पाहावेसे वाटते. फोटोतली ती बाई ओढणी तोंडावर ओढत होती. तिने आट्याची किंमत चुकती केली होती, ती तिच्या चेहऱ्याने. तिच्या मुलाच्या वर्गमित्रांनी तो फोटो पाहिला असणार.

इथे आमच्या मते ती रेषा आहे. प्रसिद्धीची इच्छा असणे यात आम्हाला फारसे पाप दिसत नाही. तो माणसाचा जुनाच स्वभाव आहे. आपल्याला मिळणाऱ्या नजरांचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हे आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. कलम चालवणारी मुलगी स्वतःच्या मेहनतीतून तो भरते. रेशनच्या फोटोत तो दुसऱ्याकडून वसूल होतो.

म्हणून शाळेच्या पानाचा प्रश्न आमच्या घशात अडकला आहे. शाळेकडे दाखवण्यासारखे पुष्कळ आहे: विज्ञानाचे प्रयोग, भित्तिपत्रके, सुंदर हस्ताक्षर. पण ओळखीच्या एका शाळेच्या पानावर या गोष्टी शेदोनशे जणांपलीकडे गेल्या नाहीत. गेला तो एकच व्हिडिओ. दुसरीतला एक मुलगा मराठी कविता म्हणताना अडखळला, 'ळ' म्हणता येईना, रडकुंडीला आला आणि मॅडम हसल्या. कोणाच्या मनात वाईट नव्हते. लोकांनी 'किती गोड' असेच लिहिले. महिनाभर तो मुलगा मधल्या सुट्टीत 'ळ' या नावाने ओळखला जात होता. त्या वर्षी त्या शाळेत प्रवेश वाढले असे सांगतात. वाढलेही असतील.

आमच्या शाळेत दोन महिने चर्चा करून पान सुरू झाले. त्यावर फळा असतो, वह्या असतात, हात असतात, मुलांचे आवाज असतात. फॉलोअर 340 आहेत. त्यांतले बरेच माजी विद्यार्थी, काही आखाती देशांत नोकरीला असलेले. त्यांतल्या एकाने आपल्या जुन्या बाकाचा फोटो मागितला, तो आम्ही पाठवला. संस्थेला हा आकडा पुरेसा वाटत नाही, आणि जूनमध्ये पट किती भरेल हे आम्हीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सध्या एक व्हिडिओ आमच्याकडे पडून आहे. स्नेहसंमेलनात सातवीतल्या एका मुलीने उर्दूत भाषण केले, इतके सुरेख की मागच्या रांगेतली माणसे उभी राहिली. तो पानावर टाकला तर आकडा कुठल्या कुठे जाईल, यात शंका नाही. तिच्या वडिलांना तो टाकलेला हवा आहे, त्यांनी तसे लिहून दिले आहे. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचीच संमती मागितली आहे. मुलीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "त्या दिवशी जे समोर बसले होते, त्यांना ऐकवले ना." वडिलांच्या मोबाइलवर तो व्हिडिओ आम्ही देऊन टाकला आहे. पानावर अजून टाकलेला नाही, आणि सोमवारच्या बैठकीत याचा जाब आम्हाला द्यायचा आहे.